अप्पांचा आठवडी बाजार

भेळ खाऊन झाली की भेळेचा कागद उलगडून वाचणारी एक जमात आपल्याकडे पूर्वापार आहे. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतले अप्पा हे तिचे विद्यमान अध्यक्ष. या जमातीला कुठलाही छापील मजकूर चालतो. तो आपल्या उपयोगाचा नसावा, एवढी एकच अट. कॅलेंडरची पुढची बाजू घरातल्या बाईची, म्हणजे दुधाचे खाडे, गॅसची तारीख, संकष्टी वगैरे. मागची बाजू यांची. लोकलमध्ये समोरच्याने धरलेल्या पेपराचं पाठचं पान हे मान वाकडी करून वाचतात, आणि त्याने मध्येच घडी घातली तर यांना त्याचा मनापासून राग येतो. लग्नाच्या पंगतीत असा माणूस शेजारी आला, की जिलबी येईपर्यंत आपल्याला कळतं की शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो, आणि मठ्ठा येईपर्यंत त्याचा पुरावा मिळतो. पुरावा देणारे मात्र या जमातीतही थोडे. अप्पांना ती खोड बँकेत लागली.

अप्पांची उभी नोकरी क्लिअरिंगमध्ये गेली. समोर चेकांचा गठ्ठा, बाजूला स्पेसिमेन सह्यांची कार्डं, मध्ये अप्पा. सही जुळली की पास, नाही जुळली की मेमो लावून परत. चेक परत करण्याची कारणं त्या मेमोवर छापलेली असत. त्यातलं 'ड्रॉअर्स सिग्नेचर डिफर्स' हे अप्पांचं लाडकं. निवृत्तीनंतर बँक सुटली, मेमो सुटला नाही. कुणी सांगितलं की अमक्याची मुलगी अमेरिकेत नासामध्ये लागली, तर अप्पा चष्म्यावरून बघत विचारतात, "नासामध्ये, की नासाच्या शेजारी?" समोरचा गडबडला की शांतपणे म्हणतात, "सिग्नेचर डिफर्स."

निवृत्तीला मुलाने लॅपटॉप दिला. वडिलांनी घरबसल्या वीजबिल भरावं, असा त्यामागे सद्हेतू होता. वीजबिल अप्पा अजूनही रांगेत उभं राहून भरतात, कारण पावतीवर शिक्का लागतो. तोवर त्यांच्या घरी 'अमृत' मासिकाचे जुने अंक आणि कात्रणांच्या बॉक्सफायली होत्या. फायली पुष्कळ, पण सगळ्यांवर चिठ्ठी एकच: 'संकीर्ण'. लॅपटॉप आला आणि कात्री ड्रॉवरमध्ये गेली. दुपारच्या जेवणानंतर अप्पा नेट उघडून बसतात ते चहा होईपर्यंत. काकू कुणालाही सांगतात, "हे कामावर गेलेत, चारला येतील."

या कामाचं फळ म्हणजे 'आठवडी बाजार'. शनिवारी रात्री मजकूर ठरतो आणि रविवारी सकाळी सातच्या आत एक पाठकोरा कागद लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर चार टाचण्यांनी लागतो. डावीकडे 'मंगळवारी पाणी येणार नाही', उजवीकडे थकबाकीदारांची यादी. आमच्या सोसायटीत सर्वात आवडीने वाचला जाणारा मजकूर म्हणजे ही यादी. तिच्या शेजारची जागा अप्पांनी विचार करून निवडलेली आहे. सेक्रेटरींनी एकदा हरकत घेतली होती की बोर्ड सोसायटीच्या कामाचा आहे. अप्पांनी उपविधी मागवले, वाचले, आणि नोटीस बोर्डावर मनोरंजक मजकूर लावू नये असं कुठल्या कलमात आहे ते दाखवा, म्हणाले. सेक्रेटरी ते कलम अजून शोधताहेत.

बाजाराचं नाव गावाकडचं. अप्पांच्या लहानपणी त्यांच्या गावी मंगळवारी बाजार भरायचा. वडील तिथून मीठ, मिरची, बैलाची वेसण घेऊन यायचे आणि अप्पा काय काय पाहिलं त्याची यादी. एकदा त्या यादीत दोन डोक्यांचं वासरू होतं. वासरू तंबूच्या आत होतं, तिकीट दोन आणे होतं आणि अप्पांच्या खिशात एकच आणा. तेव्हा वासरापुढे त्यांनी 'ऐकीव' असा शेरा मारला होता. माझ्या मते अप्पांचा सगळा स्वभाव त्या एका शेऱ्यात आहे.

बाजारात माल घेण्याच्या त्यांच्या कसोट्या तीन. त्याचा कुणाला काडीचा उपयोग नसावा. ऐकणाऱ्याने 'काहीतरीच काय!' म्हणावं. आणि ते खरं असावं. पहिल्या कसोटीमुळे लिंबू-मधाचे उपाय, आयकराच्या सवलती आणि सुविचार आपोआप बाद होतात. तिसरीसाठी अप्पा प्रत्येक गोष्ट निदान दोन ठिकाणी पडताळतात, आणि तसं कागदाच्या तळाला लिहून खाली लफ्फेदार सही करतात.

पहिल्या कागदावर केंब्रिजची कॉफी होती. तिथल्या विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचं भांडं एका खोलीत आणि पिणारे बाकीच्या मजल्यांवर. जिने तुडवत यावं तर भांडं रिकामं. म्हणून १९९१ साली त्यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि कॉफी आहे की संपली हे जागेवरून बघायची सोय केली. १९९३ पासून ते भांडं साऱ्या जगाला दिसायला लागलं आणि लाखो लोकांनी ते पाहिलं. २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला, तेव्हा ते बिघडलेलं भांडं एका जर्मन साप्ताहिकाच्या संकेतस्थळाने लिलावात ३,३५० पौंडांना घेतलं. खाली अप्पांची टीप: 'आमच्या शाखेत चहा संपला की नाही, हे शिपायाच्या चेहऱ्यावरून कळत असे. खर्च शून्य.'

दुसऱ्या मजल्यावरच्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि विचारलं, "अप्पा, एवढी हुशार माणसं, त्यांना आणखी एक भांडं घेता येत नव्हतं?"

अप्पा आठवडाभर खुशीत होते. वाचक आहेत याचा तो पहिला पुरावा.

कागदाच्या तळाला एक कायमची चौकट असते. तिच्यातला मजकूर गेली कित्येक वर्षं बदललेला नाही: 'डांबराचा थेंब : पडला नाही.' नवीन भाडेकरूला वाटतं की गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काही चाललं आहे. प्रकार ऑस्ट्रेलियातला आहे. ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ साली एका प्राध्यापकाने काचेच्या नरसाळ्यात तापवलेलं डांबर ओतलं. हातोडी मारली तर तुकडे उडतात असं हे डांबर खरं म्हणजे अतिशय सावकाश वाहणारा द्रव आहे, हे त्याला पोरांना दाखवायचं होतं. तीन वर्षं ते बसू दिलं आणि १९३० मध्ये नरसाळ्याचं बंद तोंड कापलं. तेव्हापासून पडले नऊ थेंब. यातला नववा २०१४च्या एप्रिलातला. दहाव्याची वाट अप्पा बघताहेत.

या प्रयोगाची देखभाल करणारे जॉन मेनस्टोन यांच्याबद्दल अप्पांना जो आदर आहे तो त्यांच्या कुठल्याही ब्रँच मॅनेजरला मिळालेला नाही. १९६१ पासून हा गृहस्थ त्या नरसाळ्यापाशी. १९८८ मध्ये थेंब आता पडणार असं दिसत होतं. हे काहीतरी प्यायला म्हणून क्षणभर बाहेर गेले, आणि तेवढ्यात पडला. २००० साली खबरदारी म्हणून कॅमेरा लावला. नेमका पडायच्या वेळी कॅमेरा बिघडला. २०१३च्या ऑगस्टमध्ये ते वारले, आणि नववा थेंब पुढच्या एप्रिलात आला. मेनस्टोनना एकही थेंब पडताना दिसला नाही. १९८८ची हकीगत सांगताना अप्पांचा आवाज जड होतो. "नुसतं पाणी प्यायला गेला हो माणूस," म्हणतात. एकदा बोर्डावरच्या चौकटीखाली कुणीतरी बॉलपेनने लिहिलं: 'आमच्या गल्लीत पाठवा, एका पावसात पडेल.' अप्पांनी ते खोडलं नाही. त्यांच्या दृष्टीने तेही पडताळलेलं होतं.

काकूंचं यावर एकच वाक्य आहे. "पडला की मला उठवा."

पण काकूंनाही बाजाराने एकदा गाठलंच. झालं असं की एका रविवारी अप्पांनी उत्रेख्तची माशांची घंटा लावली. नेदरलँड्समधल्या या शहराच्या कालव्यावर एक जुनं पाणदार आहे. वसंतात मासे अंडी घालायला उथळ पाणी शोधत वरच्या अंगाला निघतात. त्या दिवसांत होड्यांची ये-जा नसल्यासारखी, त्यामुळे दार क्वचित उघडतं आणि मासे तिथे अडकून पडतात. मग पाणपक्ष्यांचं फावतं. म्हणून २०२१ पासून तिथे पाण्याखाली कॅमेरा ठेवला आहे. जगात कुणीही, कुठूनही ते पाणी बघत बसावं. मासा दिसला तर पडद्यावरचं बटण दाबावं. त्या क्षणाचं चित्र तिकडे पोहोचतं, आणि पुरेसे मासे जमलेत असं दिसलं की दार उघडतात.

काकूंना हे अप्पांनी पोहे परतताना वाचून दाखवलं. काकूंचा झारा थांबला. "दाराशी आलेल्याला ताटकळत ठेवायचं? हे काय वागणं झालं?"

आमच्याकडे नळाला पाणी पहाटे साडेचारला येतं. मार्चात त्या वेळी उत्रेख्तला रात्रीचे बारा वाजलेले असतात, आणि हे मासे प्रवासाला बहुतेक रात्रीच निघतात. हा योग कुठल्या पंचांगात सापडणार नाही. काकू नळाखाली पिंप लावतात, लॅपटॉप स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवतात आणि मेथी निवडत डच पाण्याकडे डोळे लावून बसतात. पाणी हिरवट, गढूळ. बराच वेळ काहीच होत नाही. एखादी काडी जाते, एखादी गोगलगाय काचेला चिकटते. मग एकदम अंधारातून एक रुंद तोंड पुढे येतं आणि काकू मेथीच्या हातानेच बटण दाबतात.

एकदा पहाटे मी पाण्याचं विचारायला गेलो तर दार उघडंच होतं.

"या, या. ही बघा, वाम आलीय," काकू म्हणाल्या. त्या मूळच्या मालवणच्या. मासा कुठल्याही देशाचा असो, त्यांना परका नाही. "केवढी आहे! हिचं कालवण काय होईल!"

"अगं, तिला सोडवायला बसलीयेस ना तू?" अप्पा आतून म्हणाले.

"सोडवणं वेगळं, कालवण वेगळं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी घंटा वाजवली.

हळूहळू ही गोष्ट बिल्डिंगभर झाली. पाण्याच्या वेळी जागं राहायला आणखी दोन घरांतून हीच युक्ती सुरू झाली. लिफ्टमध्ये बायका 'तुमच्याकडे काल किती आले?' असं विचारायच्या, आणि वरून उतरणाऱ्या माणसाला पाहुण्यांचं चाललं आहे असं वाटायचं. अप्पांना मात्र यात थोडी खंत होती. पहिल्या कसोटीनुसार मालाचा कुणाला उपयोग असता कामा नये, आणि हा तर माशांना होत होता.

आता अप्पांच्या मेहुण्यांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय अप्पा अर्धेच कळतील. मेहुणे, म्हणजे बहिणीचे यजमान, नाशिकला असतात. त्यांना मोबाइलवर जे येतं ते खरं असतं. आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम असल्याचं युनेस्कोने जाहीर केलं, हे ते दर वर्षी नव्याने कळवतात. युनेस्कोने तसं काही जाहीर केलेलं नाही, हे अप्पा दर वर्षी नव्याने कळवतात. मेहुण्यांचा विश्वास साऱ्या जगावर आहे, फक्त अप्पांवर नाही. बाजाराच्या कागदाचा फोटो नाशिकला गेला की उत्तर ठरलेलं: "कशावरून?"

माशांच्या घंटेवर तर त्यांनी थेट काकूंना फोन केला. "वहिनी, ते बटण दाबू नका. बँकेचं खातं रिकामं होतं."

"माझ्या खात्यात आहे काय रिकामं व्हायला?" काकू म्हणाल्या. "आणि ठेवते आता, दोन मासे आलेत."

दिवाळीत या दोघांचं जोरात जुंपतं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री उजळलेल्या भारताचं नासाने अवकाशातून घेतलेलं म्हणून एक रंगीबेरंगी चित्र फिरतं, ते तुम्हीही पाहिलं असेल. मेहुणे ते पाठवतातच. एका वर्षी अप्पांनी ऐन दिवाळीत बोर्डावर खुलासा लावला. चित्र एका रात्रीचं नाही. अमेरिकी उपग्रहांनी बऱ्याच वर्षांत टिपलेले दिवे एकावर एक रचून ते केलं आहे. पांढरे दिवे १९९२ पूर्वीचे, निळे १९९२चे, हिरवे १९९८चे, लाल २००३चे. वस्ती कशी वाढली ते दाखवायचं होतं. दिवाळीच्या रात्रीचं खरं चित्र नासाने २०१२ मध्ये दिलं आणि सोबत स्पष्ट केलं की दिवाळीचा जादा उजेड इतका थोडा असतो की अवकाशातून बहुधा कळतही नाही.

खुलासा अचूक होता. पण दारात रांगोळी, गॅलरीत आकाशकंदील, इलेक्ट्रिकच्या माळा लावून जो तो नुकता खाली उतरलेला, आणि समोर हा कागद. त्या वर्षी अप्पांकडे फराळाची ताटं निम्मीच आली. चकली तर कुणाकडूनच नाही. काकूंनी ते मनावर घेतलं. "खरं सांगायला भाऊबीजेपर्यंत थांबला असतात तर काय बिघडलं असतं?"

याच्या उलट ऑक्टोपसचं झालं. लोक किती सहज फसतात याचा नमुना म्हणून अप्पांनी झाडावरच्या ऑक्टोपसची गोष्ट दिली होती. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या दमट जंगलात झाडावर राहणारा एक ऑक्टोपस आहे आणि तो नामशेष होत चालला आहे, असं सांगणारं संकेतस्थळ १९९८ साली कुणीतरी थट्टेत काढलं. चित्रं, माहिती, 'वाचवा' अशी हाक, सगळं बेमालूम. पुढे शाळकरी मुलांना नेटवरचं खरं-खोटं ओळखायला शिकवताना ते वापरलं जाऊ लागलं. अप्पांनी मथळ्यात ठळक अक्षरांत 'खोटे' असं छापलं होतं. पण लिफ्ट तेवढ्यात आली असावी. आठवड्याच्या आत तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मला सांगितलं, "अहो, झाडावर ऑक्टोपस असतो म्हणे! अप्पांनी लावलंय, म्हणजे खरंच असणार." अप्पांच्या शब्दावर बिल्डिंगने डोळे मिटून विश्वास ठेवला तो हा एकदाच.

वाचून सोडून द्यायचं असेल तर बाजार निरुपद्रवी आहे. अडचण अशी की अप्पांना मधूनच प्रयोगाची हुक्की येते. कॅनडातल्या एका तरुणाने २००५ साली एका लाल पेपरक्लिपपासून अदलाबदल सुरू केली, आधी माशाच्या आकाराचं पेन मिळवलं, आणि वर्षभरात चौदा सौद्यांनंतर सस्कॅचवान प्रांतातल्या किपलिंग गावात घर मिळवलं. हे वाचून अप्पा क्लिप घेऊन निघाले. क्लिपचं बॉलपेन झालं, बॉलपेनची छत्री, छत्रीचा बंद पडलेला ट्रान्झिस्टर, आणि ट्रान्झिस्टरचं मांजराचं पिल्लू. तिथे सौदे थांबले, कारण पिल्लाच्या बदल्यात काही द्यायला कुणी तयार होईना आणि काकू पिल्लू द्यायला. ते आता लॅपटॉपवर झोपतं.

मेलबर्न शहराने २०१३च्या सुमारास आपल्या झाडांना ईमेलचे पत्ते दिले होते. फांदी मोडली, कीड लागली तर नागरिकांनी कळवावं म्हणून. लोकांनी झाडांना प्रेमपत्रं लिहिली, आणि काही झाडांच्या नावाने उत्तरंही गेली. अप्पांनी आमच्या गुलमोहराला पत्रपेटी टांगली. महिनाअखेर पेटीत तीन पत्रं निघाली. दोन झाडाच्या नावाने होती: 'तुझी पानं माझ्या गाडीवर पडतात.' तिसरं गॅस शेगडी दुरुस्तीवाल्याचं कार्ड.

इतकं होऊनही बागेच्या बाबतीत अप्पांनी कमिटीला आधीच सावध केलं होतं, हे नमूद करायलाच हवं. मागच्या बाजूला पंपाशेजारी थोडी मोकळी जागा होती. तिथे वर्षानुवर्षं चेअरमनसाहेबांची गाडी उभी असे. सर्वसाधारण सभेत बराच आरडाओरडा होऊन तिथे बाग करायचं ठरलं. बाग म्हणजे दोन बाकडी, तुळस आणि कुंड्या. तरुण मंडळींनी टूम काढली की बागेचं नाव मोबाइलवर मतदान घेऊन ठरवू. अप्पा उभे राहिले.

"असं करू नका. ब्रिटनमध्ये २०१६ साली हेच केलं होतं."

लोकांनी घड्याळं पाहिली, पण अप्पांनी सांगितलंच. ध्रुवप्रदेशात संशोधनाला जाणारं नवं जहाज, किंमत वीस कोटी पौंड. नाव लोकांनी सुचवावं म्हणून तिथल्या संशोधन परिषदेने नेटवर आवाहन केलं. रेडिओवर पूर्वी निवेदक असलेल्या एकाने गंमत म्हणून 'बोटी मॅकबोटफेस' असं पोरकट नाव टाकलं, आणि त्याला सव्वा लाखाच्या आसपास मतं पडली. पहिला नंबर. सरकारची पंचाईत. शेवटी जहाजाला सर डेव्हिड अ‍ॅटनबरोंचं नाव दिलं, आणि लोकांचं मन मोडू नये म्हणून 'बोटी' हे नाव जहाजावरच्या छोट्या पिवळ्या पाणबुडीला ठेवलं.

"अप्पा, ते ब्रिटन. आपल्याकडे लोक समंजस आहेत," सेक्रेटरी म्हणाले.

मतदान झालं. 'वृंदावन'ला अकरा मतं, 'नंदनवन'ला नऊ, आणि 'चेअरमनचं पार्किंग'ला सत्तेचाळीस. हे नाव कुणी सुचवलं ते कळलं नाही. पण त्या दिवसांत दुसऱ्या मजल्यावरच्या बाई फार प्रसन्न दिसत होत्या. कमिटीची तातडीची बैठक झाली. चेअरमनसाहेब म्हणाले, लोकशाही आहे, पण तिला काही मर्यादा असते. रात्री अकराला तोडगा निघाला. बागेला 'वृंदावन' आणि शेजारी दुचाकी लावायच्या पत्र्याच्या शेडला 'चेअरमनचं पार्किंग'. सभेचा ठराव म्हणून शेडवर रीतसर पाटी लागली.

शनिवारी रात्री अप्पा आमच्याकडे आले. हातात कागद. "या आठवड्याला स्थानिक माल आहे," म्हणाले, "पण पडताळणीची दोन ठिकाणं पाहिजेत. एक मी, दुसरे तुम्ही. सही करा."

मी केली. अप्पांनी खिशातून सोसायटीच्या हजेरीपत्रकाची झेरॉक्स काढली, माझी सही दिव्याखाली धरून तिच्याशी ताडून पाहिली, 'र'ची शेपटी जरा आखूड आहे म्हणाले, आणि पास केली.

रविवारी कागद लागला. बिल्डिंगमध्ये कुणी तो वाचला नाही, कारण सगळ्यांना माहीतच होतं. फोटो नाशिकला गेला. उत्तर लगेच आलं: "काहीतरीच काय! कशावरून?"

मे महिन्यात मेहुणे डोंबिवलीला आले. अप्पांनी त्यांना रिक्षातून उतरल्यावर वर नेलंच नाही. बॅग हातात असतानाच मागच्या बाजूला शेडपाशी नेऊन उभं केलं. मेहुण्यांनी पाटी वाचली. जवळ जाऊन पुन्हा वाचली, बोटाने रंग खरवडून पाहिला, मोबाइल काढून फोटो घेतला. मग अप्पांकडे वळून म्हणाले,

"पण ही तुम्हीच लावली नसेल कशावरून?"